पुढची संख्या कोणती?

चौथीच्या आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर असायचा आणि त्यात संख्यामालिका हमखास असायच्या. ३, ७, ११, १५, पुढची संख्या कोणती? २, ६, १८, ५४, पुढची कोणती? पुढे दहावीला बीजगणितात हाच विषय ‘श्रेढी’ या नावाने आला आणि ‘टी एन बरोबर ए अधिक एन वजा एक गुणिले डी’ हे सूत्र आपण पाढ्यासारखं पाठ केलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते अजून झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असं सांगितलं गेलं, तेव्हा वाटलं की शाळेच्या आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. आपण या एका धड्याचा इतिहास लिहावा. हा धडा कुठून कुठून फिरत आपल्या फळ्यावर आला, ही गोष्ट मोठी आहे आणि तिचा एक मोठा तुकडा आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे.

सुरुवात एका कोड्याने करू. एक वर्तुळ काढा. त्याच्या परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला रेषेने जोडा. वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात ते मोजा. एक बिंदू असेल तर १ भाग, दोन असतील तर २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. आता सहा बिंदूंना किती? बुद्धिमत्ता चाचणीत आपण सगळ्यांनी ३२ लिहिलं असतं. खरं उत्तर ३१ आहे. कागदावर काढून मोजा, ३२ वा भाग सापडणार नाही.

या मालिकेत दुप्पट होण्याचा नियम कधी नव्हताच. पहिल्या पाच पदांपुरता तो दिसला, इतकंच. खरा नियम असा आहे: मूळ वर्तुळ हा १ भाग. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते आणि दोन रेषा आत जिथे छेदतात तो प्रत्येक बिंदू आणखी एक भाग वाढवतो. पाच बिंदूंना रेषा १० आणि छेदनबिंदू ५, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंना रेषा १५ आणि छेदनबिंदू १५, म्हणून १ + १५ + १५ = ३१. पुढची संख्या ओळखणं, नियम सांगणं आणि नियमाचं कारण सांगणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. श्रेढीचा सगळा इतिहास म्हणजे या तीन पायऱ्या चढण्याचा इतिहास आहे.

पहिली पायरी फार जुनी आहे. इजिप्तमध्ये आह्मोस नावाच्या लेखनिकाने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली एक गुंडाळी आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखली जाते. तिच्यात एका ठिकाणी ७, ४९, ३४३, २४०१, १६८०७ अशा संख्या एकाखाली एक मांडल्या आहेत आणि त्यांची बेरीज १९६०७ दिली आहे. सात घरं, प्रत्येक घरात सात मांजरं, प्रत्येक मांजराला सात उंदीर अशी ती वाढत जाते. उत्तर अचूक आहे. पण अशा कोणत्याही मालिकेची बेरीज कशी करायची, याचा सर्वसाधारण नियम तिथे शब्दांत मांडलेला नाही. उदाहरण सोडवून दाखवलं आहे, पुढचं ज्याने त्याने समजून घ्यायचं.

नियम स्वतंत्रपणे, कुठल्याही एका उदाहरणाला न बांधता सांगणं ही दुसरी पायरी. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ लिहिलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्यातल्या गणितपादात अवघ्या ३३ श्लोकांत क्षेत्रफळ, वर्गमूळ, घनमूळ, व्याज असं सगळं बसवलेलं आहे. त्यातच श्रेढीची बेरीज आहे. मधलं पद काढा आणि पदांच्या संख्येने गुणा. किंवा पहिलं आणि शेवटचं पद मिळवा आणि पदसंख्येच्या निम्म्याने गुणा. आपलं ‘एस एन’चं सूत्र ते हेच. पुढच्या श्लोकात उलटा प्रश्न आहे: बेरीज माहीत आहे, तर पदं किती? यासाठी वर्गसमीकरण सोडवावं लागतं आणि आर्यभटाने त्याची कृती दिली आहे. शिवाय १ पासूनच्या वर्गांची बेरीज, घनांची बेरीज आणि बेरजांची बेरीज यांचेही नियम आहेत. घनांचा नियम तर पाहण्यासारखा आहे: १ + ८ + २७ + ६४ = १०० आणि १ + २ + ३ + ४ = १०, ज्याचा वर्ग १००. घनांची बेरीज नेहमीच साध्या बेरजेच्या वर्गाइतकी येते.

आर्यभटाने सूत्रं दिली, पण फारच थोडक्या शब्दांत. ती विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्याचं काम भास्कराचार्यांनी केलं. शके १०३६ म्हणजे इसवी १११४ चा त्यांचा जन्म. ‘लीलावती’ साधारण ११५० ची. तिच्यात ‘श्रेढीव्यवहार’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या पदाला ‘आदि’ किंवा ‘मुख’, फरकाला ‘चय’, पदांच्या संख्येला ‘गच्छ’ आणि बेरजेला ‘सर्वधन’ अशी नावं आहेत. ‘धन’ हा शब्द बोलका आहे, कारण उदाहरणं बरीचशी पैशांची आहेत. एकाने पहिल्या दिवशी ४ द्रम्म दिले आणि रोज ५ वाढवत पंधरा दिवस दिले, तर एकूण किती? मधला म्हणजे आठवा दिवस घ्या: ४ + ७ × ५ = ३९. त्याला १५ ने गुणा: ५८५. मधलं पद काढलं की काम संपलं, ही युक्ती दहावीला आपल्याला कुणी सूत्राआधी सांगितली असती तर सूत्र पाठ करावंच लागलं नसतं.

दुसरं उदाहरण राजाचं आहे. शत्रूचे हत्ती पळवायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, पुढे रोज सारखी वाढ करत सात दिवसांत ८० योजनं जाऊन शत्रूच्या नगरीला पोहोचतो. रोजची वाढ किती? सोडवून पाहा, उत्तर २२/७ येतं. वर्तुळाशी याचा काही संबंध नाही. ज्याला २२/७ दिसलं की लगेच ‘पाय’ आठवतो, त्याने आकड्याकडे पाहिलं, पण नियमाकडे पाहिलं नाही, एवढंच.

तिसरं उदाहरण माझ्या पेशाच्या जवळचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करत महिनाभर, म्हणजे ३० दिवस दिल्या. एकूण किती? लीलावतीत उत्तर आहे २१४७४८३६४६ कवड्या. त्या वेळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ही संख्या पाहताच दचकायला होतं. संगणकात ३२ बिटांच्या चौकटीत धन-ऋण पूर्णांक साठवले तर सर्वांत मोठा मावणारा पूर्णांक २१४७४८३६४७ असतो. लीलावतीतलं उत्तर त्याहून बरोबर एकने कमी आहे. जुन्या पद्धतीच्या संगणकांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच चौकटीत मोजले जातात, आणि १९ जानेवारी २०३८ रोजी ती चौकट भरेल. आमच्या व्यवसायात त्याची तयारी बरीच वर्षं चालू आहे.

इथे एक सावधगिरी. या योगायोगावरून ‘आपल्याकडे तेव्हाच संगणक होता’ असा निष्कर्ष काढणारे निरोप लगेच फिरू लागतील, तो काढू नये. दोन्हीकडे दुपटीचीच मालिका आहे. २ पासून ३० वेळा दुप्पट करत बेरीज केली की ती पुढच्या पदापेक्षा, म्हणजे २ च्या ३१ व्या घातापेक्षा, २ ने कमी येते, आणि संगणकाची मर्यादा त्याच घातापेक्षा १ ने कमी असते. योगायोगाचं कारण एवढंच आहे. लीलावतीचं खरं मोठेपण तिथे दिलेल्या कृतीत आहे. २ चा ३० वा घात काढायला तीस वेळा गुणावं लागत नाही. गच्छ सम असेल तर निम्मा करा आणि ‘वर्ग’ असं लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ असं लिहा. शून्य होईपर्यंत चालू ठेवा. ३० चे १५ (वर्ग), १४ (गुण), ७ (वर्ग), ६ (गुण), ३ (वर्ग), २ (गुण), १ (वर्ग), ० (गुण). आता १ पासून सुरू करून ही यादी उलटी वाचत जा: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटी १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत काम झालं. मोठे घात काढायला आजचे संगणक याच कल्पनेवर चालतात. ती भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधीची, पिंगलाच्या छंदशास्त्रातली आहे.

छंदशास्त्र म्हटल्यावर मराठीच्या तासाला वळावं लागेल. वृत्तं शिकताना आपण लघु-गुरूच्या खुणा करत होतो आणि ‘यमाताराजभानसलगा’ म्हणत होतो. गण आठच का? तीन अक्षरं, प्रत्येकाला लघु किंवा गुरू असे दोन पर्याय, म्हणून २ × २ × २ = ८. म्हणजे गणितात भेटलेली भूमितीश्रेढी मराठीच्या तासालाही आपल्यासमोर बसलेली होती. मात्रांचा प्रश्न अधिक रंजक आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या तीन मात्रा भरायच्या, आणि त्याचे प्रकार ३. शेवटचं गुरू असेल तर आधीच्या दोन मात्रा, त्याचे प्रकार २. एकूण ५. याच रीतीने १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी मालिका मिळते. विरहांक या छंदशास्त्रकाराने हा नियम सांगितला, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी तो पुन्हा मांडला. इटलीतल्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, सशांच्या जोड्यांच्या उदाहरणातून ही मालिका १२०२ मध्ये दिली. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त सशांऐवजी गाय घेतली. गाय दरवर्षी एक कालवड देते, कालवड मोठी होऊन स्वतः व्यायला लागते, तर वीस वर्षांत एकूण गाई किती? उत्तर २७४५.

छंदाच्या या उदाहरणात एक वेगळी गोष्ट घडली आहे. ‘मागच्या दोन पदांची बेरीज’ हा नियम पाच-सहा पदं पाहून काढलेला अंदाज नाही. शेवटचं अक्षर लघु तरी असणार किंवा गुरू तरी, तिसरा पर्यायच नाही, या कारणातून तो निघाला आहे. म्हणून तो दहाव्या पदाला लागू आहे आणि दहा हजाराव्यालाही. ही तिसरी पायरी.

श्रेढीच्या बेरजेचं असंच डोळ्यांना दिसणारं कारण केरळातल्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात दिलं. ते जन्मले १४४४ मध्ये. प्रत्येक पद म्हणजे तितक्या लांबीची एक पट्टी समजा. पट्ट्या एकाखाली एक लावल्या की पायऱ्यांसारखी आकृती होते. तशीच दुसरी आकृती करून उलटी फिरवा आणि पहिलीला जोडा. पायऱ्या एकमेकींत बसतात आणि आयत तयार होतो. त्याची लांबी पहिलं अधिक शेवटचं पद, रुंदी पदांची संख्या. आपली बेरीज त्याच्या निम्मी. सूत्रातला तो ‘भागिले दोन’ कुठून येतो, हे एकदा आयत पाहिला की पुन्हा विसरता येत नाही.

हीच कल्पना जर्मनीतल्या कार्ल गाउसच्या बालपणीच्या गोष्टीत भेटते. गाउसचा जन्म १७७७ चा. गुरुजींनी वर्गाला १ ते १०० ची बेरीज करायला सांगितली आणि पोराने पाटीवर लगेच ५०५० लिहून दिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती प्रथम १८५६ मध्ये, गाउसच्या निधनानंतर त्याच्या एका मित्राने लिहिलेल्या चरित्रात आली. तिथे श्रेढीच्या बेरजेचा उल्लेख आहे, पण १ ते १०० या संख्या नाहीत. त्या नंतरच्या सांगणाऱ्यांनी भरल्या. गोष्टीही मालिकेसारख्याच वाढतात. पण गाउसची महती सांगताना हे सांगायला हवं की ती रीत हजार वर्षांहून अधिक काळ आपल्याकडच्या पोथ्यांत होती.

कारणाशिवाय नियमावर विश्वास टाकला तर काय होतं, हे मोठमोठ्यांनाही अनुभवावं लागलं आहे. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही मालिका पाहिली. २ चा २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घ्यायचा आणि १ मिळवायचा, की तीनच्या पुढच्या संख्या मिळत जातात. पाचही पदं मूळ संख्या. तेव्हा यापुढचीही सगळी मूळच असणार, असं त्याचं मत झालं. पुढचं पद आहे ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ६४१ ने त्याला भाग जातो. पाच पदं खरी निघाली होती, सहावं खोटं निघालं. आमच्याकडे प्रोग्रॅमची चाचणी पाच नमुन्यांवर यशस्वी झाली की तो बरोबर आहे असं मानायचा मोह प्रत्येक नव्या मुलाला होतो, तेव्हा त्याला मी हीच गोष्ट सांगते.

आता शाळांकडे येऊ. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाचा खर्च कुठून भागवायचा, हे त्यात लिहिलं आहे. बाजारातल्या खरेदी-विक्रीवरचा काही भाग, चालणाऱ्या घाण्यामागे ठरलेलं माप तेल, अशा साध्या गोष्टी. राजदरबारी कौतुक झालं तरी विद्या टिकते ती दिव्याच्या तेलाची सोय कुणीतरी केल्यावर, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

आणि विसाव्या शतकात नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत एक गणिताचे शिक्षक होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, १९३० ते १९६२ शाळेत नोकरी. विद्यापीठातलं पद नाही. संख्यांशी खेळत त्यांनी छोट्या पुस्तिका काढल्या. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करत राहा. १९९५ घेऊ: ९९५१ − १५९९ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, मालिका तिथेच थांबते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोहोचता. १९४९ मध्ये त्यांना हे सापडलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला ते माहीत झाले. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. ज्या शोधाला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात, तो तपासायला पाचवीतल्या मुलाची वजाबाकी पुरते. तीन अंकी संख्यांना असाच एक आकडा आहे, ४९५. दोन अंकींना मात्र एकही नाही, त्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. का, हा प्रश्न घरी मुलांना विचारून पाहावा.

आज पुढची संख्या सांगणं फार स्वस्त झालं आहे. ढीगभर नमुने पाहून पुढचं पद वर्तवणारी यंत्रं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचं उत्तर बरोबरही येतं. १, २, ४, ८, १६ नंतर ३२ हेही बहुतेक वेळा बरोबरच असतं. ३१ कधी, हे ओळखायला कारण माहीत असावं लागतं. आपल्या मुलांना रिकामी चौकट भरता येणं पुरेसं नाही. ‘कशावरून?’ असं विचारता यायला हवं आणि ते विचारल्यावर उत्तर देणारं, निदान उत्तर शोधायला सोबत बसणारं, कुणीतरी वर्गात हवं.

या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेसाठी काय करावं यावर आपल्या गटात चर्चा चालू आहे. रंगरंगोटी, बाकं, पंखे हे व्हायलाच हवं. त्यात माझी एक सूचना जोडते. आपल्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातून एका शनिवारी शाळेत तासभर जावं. शिकवणी घ्यायची नाही, गुणांबद्दल बोलायचं नाही. एक कोडं फळ्यावर लिहायचं, वर्तुळाचं किंवा ६१७४ चं किंवा कवड्यांचं, आणि मुलं कारणापर्यंत येईस्तोवर घाई न करता थांबायचं. पाटणच्या बाजारात प्रत्येक घाण्याला जितकं तेल द्यावं लागत होतं, त्यापेक्षा हे काही जास्त नाही.